शहाजीराजपुरमचे तिकीट

दक्षिणेच्या सहलीवर निघालेल्या मराठी पर्यटकाच्या कार्यक्रमात तंजावर हे शहर मदुराई आणि रामेश्वर यांच्या आगेमागे, बहुधा दुपारच्या जेवणाच्या वेळेला येते. तरीही तंजावरकडे तो ज्या नजरेने पाहतो ती मदुराईच्या वाट्याला येत नाही, कारण मदुराई पाहायची असते आणि तंजावर 'आपले' असते. हे आपलेपण सिद्ध करण्याची सामग्री तो बरोबर घेऊन निघतो. तीत शालेय इतिहासातील दोन परिच्छेद, सांबाराविषयीची एक दंतकथा आणि तेथे गेल्यावर कोणीतरी शुद्ध मराठीत स्वागत करील ही आशा, एवढे सामान असते. त्याच सामानात शेंगदाण्याची चटणीही असते, पण तिचा संबंध अविश्वासाशी आहे, इतिहासाशी नाही.

इतिहास थोडक्यात असा आहे. शहाजीराजे भोसले व तुकाबाई यांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, ज्यांना एकोजी असेही म्हणतात, हे आदिलशाहीच्या फौजेसह तंजावरच्या नायक घराण्याला मदुराईच्या नायकाच्या तावडीतून सोडवण्यासाठी गेले. सोडवण्याचे काम पार पडले, परत येण्याचे तेवढे राहून गेले, आणि १६७६च्या सुमारास तंजावरची गादी भोसल्यांची झाली. पुढे १६७७मध्ये दोघे भाऊ भेटले तेव्हा बोलणे वडिलांच्या मिळकतीच्या वाटणीवर आले, यावरून कावेरीकाठीही मराठी कुटुंबसंस्था किती शाबूत होती हे दिसते. हे राज्य १८५५पर्यंत टिकले. त्या वर्षी दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले.

पर्यटक पहिल्यांदा बृहदीश्वराच्या मंदिरात जातो. हे मंदिर राजराज चोळाने १०१०मध्ये पूर्ण केले आणि त्याचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरील शिखर, सुमारे ६६ मीटर उंच आहे, ही माहिती तो आदराने ऐकतो; परंतु त्याचा जीव प्राकाराच्या भिंतीवर गुंतलेला असतो, कारण तेथे दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३मध्ये भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरून ठेवला आहे. शिलालेख प्रचंड आहे. अक्षर देवनागरी असल्यामुळे पर्यटकाला प्रथम भरून येते, मग तो मोठ्याने वाचू लागतो, चौथ्या ओळीपाशी वाक्य अजून संपलेले नाही हे त्याच्या ध्यानात येते, आणि छायाचित्र काढून तो उरलेला भाग घरी वाचण्याचे ठरवतो. तमिळ मार्गदर्शक हा विधी शांतपणे पाहत उभा असतो. मराठी माणूस कितव्या ओळीला थांबतो हे त्याला अनुभवाने ठाऊक असावे.

मात्र तंजावरच्या भोसल्यांनी काय केले हे पाहायचे तर शहर सोडून सुमारे ४० किलोमीटरवरील कुंभकोणमला आणि तेथून पुढे थोड्याच अंतरावरील तिरुविसनल्लूर या खेड्यात जावे लागते, आणि तेथे सहसा कोणी नेत नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे, ज्यांनी १६८४ ते १७१२ राज्य केले, यांनी १६९३मध्ये हे गाव ४६ पंडितांना अग्रहार म्हणून दिले. अग्रहार म्हणजे विद्वान ब्राह्मणांना राजाने इनाम दिलेली वसाहत: मध्ये रस्ता, दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटलेली लांबट घरे, रस्त्याच्या टोकाला देऊळ, आणि प्रत्येक घरापुढे तिण्णै, म्हणजे रस्त्याकडे तोंड केलेला पक्का ओटा, ज्यावर वाटसरूने टेकावे, विद्यार्थ्याने घोकावे आणि घरमालकाने शेजाऱ्याच्या घरी कोण आले याची नोंद ठेवावी. इंग्लंडातील जुन्या खेड्याचे जीवन चर्च, गावची हिरवळ आणि मद्यगृह या तीन ठिकाणी चालत असे. अग्रहारात देऊळ होते, नदी होती, आणि मद्यगृहाचे काम तिण्णै करी, फरक इतकाच की तेथे जीभ बियरऐवजी विड्याने सैल होई.

दान दिल्यावर गावाचे नाव शहाजीराजपुरम असे ठेवण्यात आले. पंडितांनी नाव मान्य केले, ग्रंथांतून आदराने लिहिले, आणि गाव पूर्ववत तिरुविसनल्लूरच राहिले. या ४६ जणांत 'जानकीपरिणय' नाटकाचे कर्ते रामभद्र दीक्षित होते, आणि श्रीधर व्यंकटेश होते, ज्यांना लोक आदराने अय्यावाळ म्हणतात. या अय्यावाळांनी राजावर 'शाहेंद्रविलास' हे संस्कृत महाकाव्य रचले. घर मिळाल्याबद्दल घरमालकावर महाकाव्य लिहिण्याची ही चाल पुढे पुण्यात का रुजली नाही, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. पर्यटकाची खरी अडचण वेगळीच होते: मराठी राजाने तमिळ मुलखात दिलेल्या गावात नावारूपाला आलेल्या या पंडितांचे लेखन संस्कृतात आहे, आणि राजा स्वतः 'पल्लकीसेवाप्रबंधमु' हे नाटक तेलुगूत लिहीत होता, तेव्हा अभिमान नेमका कोणत्या भाषेत बाळगावा हे त्याला उमगत नाही.

गावाची कीर्ती आजही टिकून आहे ती राजामुळे नसून अय्यावाळांच्या विहिरीमुळे. परंपरा सांगते की, श्राद्धाच्या दिवशी त्यांनी ब्राह्मणांसाठी शिजवलेले अन्न दाराशी आलेल्या भुकेल्या अंत्यजाला वाढले. गावाने प्रायश्चित्त म्हणून त्याच दिवशी गंगास्नान करून येण्यास फर्मावले. काशी दूर असल्याने अय्यावाळांनी परसातील विहिरीपाशी गंगेची स्तुती केली आणि गंगा विहिरीतून उसळून रस्त्यावर आली. दंड ठोठावणारे पंडित बहुधा तिण्णैवर चढून बसले असतील, असे ओट्याची उंची पाहता मानावयास जागा आहे. तेव्हापासून तमिळ पंचांगातील कार्तिगै महिन्याच्या अमावास्येला लोक या विहिरीच्या पाण्याने स्नान करण्यासाठी येतात.

तंजावरी मराठी माणसाची गाठ शेवटी पडते ती शहरात किंवा कुंभकोणममध्ये, आणि तेथे पर्यटकाचा पहिला प्रश्न 'आडनाव काय?' हाच असतो. उत्तर 'राव' असे येते. तमिळनाडूत नावाआधी गावाचे किंवा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावतात आणि आडनावावाचून कोणाचे अडत नाही. १८२८मध्ये कुंभकोणमला जन्मलेले आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदा या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव यांच्या नावातील 'टी' म्हणजे तंजावरच. शेजारी या लोकांना 'रायर' म्हणतात. घरात ते मराठी बोलतात, तमिळ हेलात आणि तमिळ शब्दांसह, आणि ऐकणारा पुणेकर असल्यास ती सुधारण्याचा मोह त्याला अनावर होतो. साडेतीनशे वर्षे परप्रांतात शाळेवाचून टिकलेली भाषा सुधारू पाहणाऱ्याचे स्वतःचे नातवंड कोणत्या माध्यमात शिकते, हे विचारण्याइतका रायर उद्धट नसतो.

स्वयंपाकघरात गोंधळ वाढतो. उपाहारगृहात पर्यटक 'पोळी' मागतो आणि त्याच्यापुढे गोड पुरणाची पिवळी पोळी येते, कारण तमिळमध्ये त्या शब्दाचा तोच अर्थ आहे. 'पिटलै' हे नाव पिठल्यावरून आले असे अनेक जण मानतात, म्हणून तो ते मागवतो, आणि चिंच, डाळ व खोबरे यांत शिजलेली कारली पाहून खिन्न होतो. 'डांगर पचडी' म्हणजे दह्यात कालवलेले उडदाचे डांगर; पण इंग्रजी लिपीत लिहिल्यावर ती 'डेंजर पचडी' अशीही वाचता येते. राहिले सांबार. शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसूल संपले, आमटीत चिंच पडली आणि पाहुणे आलेल्या संभाजी महाराजांवरून तिला सांबार नाव मिळाले, ही कथा चविष्ट आहे. तिला समकालीन कागदाचा आधार नाही, आणि ही गोष्ट जेवताना सांगू नये.

जे खरोखर मिरवण्यासारखे आहे ते पर्यटक गाडीत बसल्यामुळे मागे राहते. मराठी रंगभूमीचा आरंभ ज्यापासून मानतात ते विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' नाटक १८४३मध्ये सांगलीला झाले, त्याच्या सुमारे दीड शतक आधी याच शहाजीराजांच्या नावावर 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे मराठी नाटक आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार, ज्यात डोंगरातली भविष्य सांगणारी बाई नायिकेचा हात पाहते. दुसऱ्या सरफोजींनी 'देवेंद्र कुरवंजी' लिहून त्या बाईकडून जगाचा भूगोल मराठीत वदवला. त्याच राजाने समुद्रकाठी मनोरा नावाचा बुरूज इंग्रजांच्या नेपोलियनवरील विजयाप्रीत्यर्थ उभारला, ही माहिती मात्र सहलीत सांगितली जात नाही आणि ते योग्यच आहे.

तंजावर 'आपले' आहे हे म्हणणे चुकीचे नाही, फक्त ते उलट दिशेने खरे आहे: भोसले तंजावरचे झाले. तिरुविसनल्लूरला जायचे असल्यास कुंभकोणमहून बस धरावी, कार्तिगै अमावास्येला जात असल्यास पहाटेच विहिरीची रांग गाठावी, आणि वाहकाला गावाचे चालू नावच सांगावे. शहाजीराजपुरमचे तिकीट मिळत नाही.