मोराला दोन चोची

सोलापुरात नवा फोन घ्यायचा असेल तर माणूस आधी नवी पेठेत जात नाही, कट्ट्यावर जातो. नवी पेठेत फोन मिळतो. तो घ्यायची परवानगी कट्ट्यावर मिळते.

आमचा कट्टा म्हणजे सात रस्त्याजवळची चहाची टपरी. संध्याकाळी सहाला सभा भरते. सभासद चार. पहिले कॅशिअरसाहेब. बँकेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी चहावाल्यानं सुटे पैसे दिले की नोट अजून उजेडाकडे धरून बघतात. दुसरे टॉवेलवाले शेठ. धंदा मुलाच्या हाती दिलाय, मतं स्वतःकडे ठेवलीत. तिसरे अण्णा. चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात काढलेली. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि राग आला की कन्नड. चहा बशीत ओततात, फुंकर मारतात आणि बशी रिकामी होईपर्यंत जगातली कुठलीही कंपनी बुडाली तरी मान वर करत नाहीत. चौथा मी.

या चौघांपैकी एकालाही फोनमधलं काही कळत नाही. त्यामुळे चर्चा मोकळेपणानं होते.

बातम्यांना मात्र तोटा नाही. सोलापूरची निर्यात दोनच गोष्टींची, चादर आणि पुण्याला जाणारी पोरं. चादर एकदा गेली की परत येत नाही. पोरं दिवाळीला येतात आणि येताना कुठल्या कंपनीनं काय नवीन काढलं ते सांगून जातात. ते मग आम्हाला पुढची दिवाळी येईपर्यंत पुरतं.

उदाहरणार्थ, २०२० साली अॅपलनं फोनच्या खोक्यातून चार्जर काढून टाकला आणि सांगितलं, हे पर्यावरणासाठी. शेठ अजून त्या बातमीतून बाहेर आलेले नाहीत. "मी टॉवेल विकला आणि गिऱ्हाइकाला म्हणालो, काठ वेगळा विकत घ्या, निसर्ग वाचतो, तर तो त्याच टॉवेलानं माझा..." एवढं बोलून ते थांबतात. पुढचं वाक्य पाच वर्षं झाली तरी पूर्ण झालेलं नाही.

त्याच्या आधीची जखम २०१६ची. सप्टेंबरच्या एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. सोमवारी जिओ सुरू झालं आणि अख्ख्या देशाला फुकट बोलायची सोय झाली. बुधवारी अॅपलनं हेडफोनचं भोक नसलेला फोन दाखवला. कॅशिअरसाहेबांचं मत असं की, बोलणाऱ्यांची संख्या वाढणार हे दिसत असताना ऐकायचं भोक बुजवणं शहाणपणाचं नव्हतं.

घडीचे फोन आले तेव्हाही सभेनं दखल घेतली. शेठचा मुलगा म्हणाला, हा फोन दोन लाख वेळा उघडझाप करून तपासतात. शेठनी विचारलं, "घडीवर रेघ दिसते का?" मुलगा म्हणाला, थोडी दिसते. "मग नको. आपली चादर वीस वर्षं एकाच घडीवर पडते. रेघ दिसते का कुठं?" विषय संपला. सोलापुरात टिकाऊपणाचं एकक चादर आहे. नवीन काही आलं की आम्ही एवढंच विचारतो: चादरीइतकं चालेल का? आजवर कुठल्याही फोनला 'हो' असं उत्तर मिळालेलं नाही. एका जुन्या नोकियाला 'बघू' मिळालं होतं.

बाहेरच्या जगात बनलेल्या वस्तूंना सोलापूर सोसत नाही, हेही खरं. फोनच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. ३५ अंश हा आमच्याकडे सकाळी दूधवाला येतो तेव्हाचा विषय आहे. मे महिन्यात पारा ४३-४४ला टेकला की फोन 'मी तापलोय, मला थंड होऊ द्या' असं लिहून डोळे मिटतो. घरातल्या माणसांना ही सवलत नाही.

मुलगी म्हणते, "बाबा, फोटो क्लाऊडवर ठेवा." आता सोलापूरच्या माणसाला ढगावर भरवसा ठेव म्हणणं हे धाडसच आहे. आमच्याकडे ढग येतात, नळदुर्गकडून येतात, मोठ्या थाटात येतात, आणि पंढरपूरकडे निघून जातात. सात पिढ्या वर बघून माना दुखल्या. त्यातून आम्ही एवढंच शिकलो की जे हवं ते हौदात भरून ठेवावं. मी फोटो हौदात, म्हणजे पेनड्राइव्हमध्ये, ठेवतो.

मग 'आयपी ६८' आलं. पहिला आकडा धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. फोन पाण्यात बुडाला तरी चालतो म्हणे. पण ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथं फोन बुडवायला पाणी खर्च करणार कोण? आम्हाला शेंगाचटणीचा आकडा हवा. कडक भाकरी, चटणी, वर तेलाची धार, आणि त्याच बोटानं उचललेला व्याह्यांचा फोन. ही परीक्षा कुठल्या प्रयोगशाळेत होत नाही. ती रोज दुपारी एक वाजता माझ्या घरी होते आणि फोन रोज नापास होतो.

मध्यंतरी फोनशी नुसतं बोललं तरी तो लिहून घेतो असं कळलं. मी हौसेनं कॅशिअरसाहेबांना निरोप सांगितला: "काय करालास बे, येतोस का बे, चहा सांगितलाय बे." सोलापुरात 'बे' हा श्वास आहे. पण फोन शाळेत पाढे शिकलेला. त्यानं लिहिलं, "काय करालास २, येतोस का २, चहा सांगितलाय २." कॅशिअरसाहेबांनी सवयीनं बेरीज केली आणि बरोबर सहाला हजर झाले. त्यामुळे हे यंत्र चुकलं असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

अशी सगळी मजा चालू असताना माझ्या फोनला अपडेट आलं.

न मागता आलं. आमच्या गल्लीत जे मागतात ते पाणी काही दिवसांनी येतं, आणि जे कुणी मागितलेलं नाही ते रात्री दोन वाजता आपोआप येतं. सकाळी उठलो तर फोनची चाल बदललेली. बॅटरी बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या बैलासारखी, दुपारीच बसकण मारायची. टॉर्चचं बटण जिथं होतं तिथं हवामान आलं. मी अंधारात जिना उतरताना तीनदा तापमान बघितलं. कंपनीचं नाव सांगत नाही. पुढचाही फोन कदाचित तिचाच घ्यावा लागेल.

सभेत विषय निघाला. कॅशिअरसाहेब म्हणाले, "निदान तुला अपडेट येतं. विंडोज १०ला तेही बंद झालं. २०२५च्या १४ ऑक्टोबरला. मशीन चालतं, पण सुरक्षेची नेहमीची दुरुस्ती नाही."

"म्हणजे?" शेठनी विचारलं.

"म्हणजे पेन्शनर झालं. जिवंत आहे, पण ऑफिसातून कुणी चौकशी करत नाही." हे बोलून साहेब जरा वेळ रस्त्याकडे बघत राहिले.

"मग तू नवीन घे," शेठ मला म्हणाले, आणि लगेच स्वतःच सावरले. "पण आत्ता नको. मुलगा सांगत होता, एआयवाल्यांनी मेमरीच्या चिपा सगळ्या उचलल्यात, भाव चढलेत. सुताचंच बघ ना. वर कुणी मोठ्यानं सूत उचललं की इथं टॉवेल महाग."

"मेमरी महाग झाली," कॅशिअरसाहेब म्हणाले, "आणि नेमकी आपल्या वयात."

इथं अण्णांची बशी रिकामी झाली. त्यांनी ती कपाखाली ठेवली आणि माझा फोन हातात घेऊन विचारलं, "अपडेट म्हणजे काय करतात बे नेमकं?"

मुलीनं सांगितलेलं आठवून मी म्हणालो, "आधीच्यात काही चुका राहिलेल्या असतात, त्या दुरुस्त करतात. त्याला पॅच म्हणतात."

"ठिगळ," अण्णा म्हणाले. "आमचंच की."

मग ते उठले. टपरीच्या खांबावर पैसे द्यायचा चौकोन चिकटवलेला आहे, त्या क्यूआर कोडाकडे बोट करून म्हणाले, "हे रोज बघतो मी. हा चादरीचा नकाशा आहे. चौकटीचा कागद. काळी चौकट म्हणजे भोक, पांढरी म्हणजे भोक नाही."

अण्णा कारखान्यात काय करत होते हे आम्ही इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. ते जॅकार्डच्या मागासाठी कार्डं पाडत होते. सोलापुरी चादरीवर मोर, फुलं, वेलबुट्टी उठते ती हातानं काढलेली नसते. आधी नक्षी चौकटीच्या कागदावर येते. मग कागदाच्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याची एकेक पट्टी, आणि पट्टीवर भोकं. भोक असेल तिथला हुक उभा धागा उचलतो, नसेल तिथला धागा खाली राहतो, मधून धोटा आडवा धागा घेऊन पळतो. पुढची पट्टी, पुढचा धागा. अशा शेकडो पट्ट्या दोरीनं ओवलेल्या, मागावर माळेसारख्या फिरत राहतात. मागाला मोर माहीत नसतो. त्याला फक्त भोक आहे की नाही एवढंच कळतं.

ही युक्ती फ्रान्समधल्या जॅकार्डची, १८०४ची. रेशमात विणलेलं त्याचं एक चित्र होतं, त्याला २४ हजार पट्ट्या लागल्या होत्या. त्याची एक प्रत भिंतीवर लावणाऱ्या इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं तशाच पट्ट्यांवर चालणारं गणिताचं यंत्र आखलं होतं. ते पुरं झालं नाही. आखणारा हुशार आणि काम अपुरं, हे आम्हाला नवीन नाही. पुढे १८९०ची अमेरिकेची जनगणना होलेरिथनं भोकांच्या कार्डांवर मोजली. त्याची कंपनी इतरांत मिसळत मिसळत १९२४मध्ये आयबीएम झाली. संगणकानं कित्येक दशकं भोकं वाचूनच पोट भरलं. हे सगळं मी घरी येऊन वाचलं. वाचल्यावर वाटलं, आपण चौघं रोज ज्या विषयावर अज्ञानानं बोलतो, त्याचा निम्मा भाग आपल्याच शेजारी बसून चहा पितोय.

टपरीवर मात्र मी एवढंच विचारलं, "आणि ठिगळ?"

"भोक चुकीचं पडलं तर त्याच्यावर कागदाचा तुकडा डकवायचा. दुसरीकडं नीट पाडायचं. संपलं." सांगताना अण्णांचा अंगठा हवेतच तो तुकडा दाबत होता. संगणकवाल्यांचा 'पॅच' हा शब्दही अशाच ठिगळावरून आला. त्यांच्याकडेही आधी कार्डावर खरोखरचं ठिगळ डकवत.

"तुमचं कधी चुकलं का अण्णा?"

अण्णा हसले. कधी नव्हे ते दुसरा चहा सांगितला. "नवा होतो. नकाशाची ओळ वाचताना एक चौकट सरकली. चार पट्ट्या चुकल्या. माग चालू. मागाला काय, तो विणत सुटला. तिसऱ्या दिवशी मालकानं चादर पसरली, तर मोराला दोन चोची."

"सगळ्या चादरींवर?"

"सगळ्या. प्रत्येक मोराला. एकाचं चुकतं तेव्हा सगळ्यांचं चुकतं, मशीनची तीच तर शिस्त आहे."

"मग?"

"मग काय. ठिगळ लावलं, पगार कापला." अण्णांनी माझा फोन परत माझ्या हातात दिला. "आम्ही ठिगळ लावलं की मालक पगार कापायचा. हे लोक ठिगळ लावतात, आणि सांगतात, नवीन आलंय!"

सभा अर्धा मिनिट गप्प होती. मग शेठ खांबाकडे बघत म्हणाले, "पण त्या चौकोनावर चहाचे इतके डाग आहेत, तरी पैसे जातात कसे?"

हे मला ठाऊक होतं, म्हणून मी चान्स घेतला. मासाहिरो हारा नावाच्या जपानी इंजिनिअरनं १९९४ साली मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला तो बनवला. कारखान्यात हात तेलकट असणार हे धरूनच. त्याच्या सगळ्यात पक्क्या प्रकारात तीस टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो.

"चूक होणार हे आधीच धरलंय?" अण्णांनी विचारलं.

"हो."

अण्णा खांबाजवळ गेले आणि त्या चौकोनावरून बोट फिरवलं, पोत बघतात तसं. "हा माणूस मागावर बसलेला असणार," ते म्हणाले. कट्ट्यावर आजवर कुठल्याही अभियंत्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळालेलं नाही.

फोन घ्यायचा की नाही, हा ठराव अर्थातच पुढच्या सभेवर गेला.

रात्री जेवण झाल्यावर मी कपाटातल्या चादरी काढल्या. आमच्याकडे त्या पुष्कळ आहेत. सोलापुरात लग्न, मुंज, निवृत्ती, सगळ्याला चादरच मिळते. एकेक पलंगावर पसरली, चष्मा लावला आणि फोनचा टॉर्च शोधू लागलो. आधी तापमान दिसलं. मग टॉर्च सापडला.

"रात्री अकराला हे काय चाललंय?" बायकोनं दारातून विचारलं.

"चोची मोजतोय."

"कुणाच्या?"

"मोरांच्या. अण्णांनी तरुणपणी एकदा दोन चोचींचा मोर काढला होता. त्यातली एखादी आपल्याकडे आली असेल तर."

ती आत आली. चिडेल असं वाटलं होतं, पण तीही वाकून बघू लागली. सतरा मोर बघितले. सगळ्यांना एकेकच चोच. एकाला तर जरा जास्तच नीट होती.

"आणि सापडला असता तर काय करणार होता?" तिनं घड्या घालता घालता विचारलं.

"अण्णांना नेऊन दाखवला असता."

"त्यांना वाईट नसतं वाटलं?"

"छे," मी म्हणालो. "आता ते शिकलेत. म्हणाले असते, नवीन आलंय."