साठवणीचं प्रेटझेल

चॉकलेटात बुडवलेली प्रेटझेलं करायला एक दुपार पुरते. ती नाताळपर्यंत घरात शिल्लक ठेवायला मात्र मुत्सद्देगिरी लागते, आणि तिचं प्रमाण कुठल्याही पाकपुस्तकात दिलेलं नसतं.

आम्ही राहतो पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात. इथल्या लोकांसमोर राजकारणावर बोललेलं चालतं, प्रेटझेलवर जपून बोलावं. जर्मन मुलखातून आलेल्या मंडळींनी ते इकडे आणलं. जवळच्या लिटिट्झ गावात ज्युलियस स्टर्जिस यांनी १८६१ साली प्रेटझेलची बेकरी काढली. अमेरिकेतली ही पहिली व्यापारी प्रेटझेल बेकरी मानतात. पुढे १९३५ साली रेडिंगच्या एका कंपनीनं वळायचं यंत्र आणलं. सराईत हात मिनिटाला ४० प्रेटझेलं वळायचा, यंत्र २४५ वळू लागलं. त्या दिवशी किती सराईत हात मांडीवर येऊन पडले असतील, याची नोंद कुणी ठेवलेली दिसत नाही.

आणि दुसऱ्या अंगाला हर्शी. मिल्टन हर्शी मूळचे लँकेस्टरचे कॅरमेलवाले. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी चॉकलेटची जर्मन यंत्रं पाहिली आणि विकत घेतली, ती कॅरमेलवर चॉकलेटचा थर द्यायला. १९०० साली कॅरमेलचा धंदा दहा लाख डॉलरला फुंकला, चॉकलेट तेवढं हाताशी ठेवलं, आणि कारखान्याभोवती अख्खं गाव वसवलं. त्या गावात चॉकलेट ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे आणि रस्त्यावरचे दिवेसुद्धा चॉकलेटच्या आकाराचे. एका कुशीला खारं, दुसऱ्या कुशीला गोड. मधे राहणाऱ्या माणसानं करायचं काय?

प्रेटझेल बघून मराठी माणसाला चकली आठवते. तो मोह आवरावा. चकलीला मोहन लागतं, प्रेटझेलला कॉस्टिक सोडा. पीठ वळून झालं की भाजण्याआधी ते सोड्याच्या सौम्य पाण्यातून काढतात. तो तांबूस तुकतुकीत रंग त्यानंच येतो, आणि भट्टीतून बाहेर पडेपर्यंत सोड्याचा दाहकपणा गेलेला असतो. लिटिट्झच्या त्या जुन्या बेकरीत पाहुण्यांना पिठाची वळकटी देऊन प्रेटझेल वळायला शिकवतात आणि वर प्रमाणपत्र देतात. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली तेव्हा तिला तिथे नेलं. तिनं पहिल्याच झटक्यात वळलं, प्रमाणपत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं, आणि सोड्याचं कळल्यावर विचारलं, "मोरी तुंबल्यावर घालतो तो?"

मी म्हटलं, "तोच."

तिनं हातातल्या अर्ध्या प्रेटझेलकडे एकदा पाहिलं आणि ते खाल्लं. "तिकिटाचे पैसे दिलेत," ती म्हणाली.

नाताळाच्या आधी आमच्या गल्लीत डबे फिरतात. शेजारच्या आजीबाई पत्र्याच्या गोल डब्यातून चॉकलेटची प्रेटझेलं पाठवतात. आता रिकामा डबा परत करायचा नाही, हा आईचा कायदा. तिनं तो चिवड्यानं भरून पाठवला. त्या बाईंचाही असाच काही कायदा असावा, कारण डबा पुन्हा प्रेटझेलं घेऊन आला. मग शंकरपाळे गेले. डिसेंबर अर्धा सरेपर्यंत तो डबा दोन्ही घरांत मिळून एक रात्रही रिकामा झोपला नाही. शेवटी आईनं जाहीर केलं, "आपणच त्यांचा पदार्थ करू. त्यांच्यापेक्षा चांगला." पाहुणचाराचं युद्धात रूपांतर होतं ते साधारण याच वाक्यापाशी.

कडक प्रेटझेल घरी कुणी भाजत बसत नाही, पिशवी आणायची. लांब कांडीसारखी मिळतात ती दिसायला छान, पण चॉकलेटला धरून ठेवायला तीन भोकांची छोटी बरी. लेकीनं पिशवी फोडताच बकाणा भरला. तिला मी २००२ च्या जानेवारीतली गोष्ट सांगितली. तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश टीव्हीवर फुटबॉलचा सामना बघत प्रेटझेल खात होते, ते घशात अडकलं, साहेब बेशुद्ध होऊन पडले आणि गाल खरचटून घेतला. जगातल्या सर्वांत कडेकोट बंदोबस्तातल्या माणसाला प्रेटझेलनं गाठलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रकारांना सांगितलं, की गिळण्याआधी नीट चावावं असं आई सांगायची, तिचं ऐकायला हवं होतं. एका अमेरिकन अध्यक्षाचं कुठलंही विधान आमच्या आईला इतकं पटलेलं मी पाहिलं नाही. ते तिनं पुढे प्रत्येक जेवणाला वापरलं.

चॉकलेट दोन प्रकारचं मिळतं. एकात कोकोचं लोणी असतं. दुसऱ्यात त्याऐवजी पामच्या गरातलं तेल. ते वितळवा, बुडवा, वाळवा, कधी दगा देत नाही आणि कधी आनंदही देत नाही. इथे त्याच्या वड्या 'आल्मंड बार्क' नावानं विकतात. त्यात बदाम नसतो, साल तर नसतेच. आजीबाई तेच वापरतात, ही बातमी लेकीनं त्यांच्या स्वयंपाकघरातून आणली होती. तेव्हा आम्ही खरं चॉकलेट वापरणं हा अब्रूचा प्रश्न झाला.

कोकोच्या लोण्याची सगळी भानगड त्याच्या स्फटिकांत आहे. ते सहा तऱ्हांनी गोठू शकतं. त्यातली पाचवी तेवढी आपल्या कामाची: चकचकीत, मोडताना टक्‌ वाजणारी, बोटाला न चिकटणारी, आणि ३४ अंशांच्या आसपास वितळत असल्यामुळे तोंडात गेल्यावरच विरघळणारी. नुसतं वितळवून गार केलं तर भलत्याच तऱ्हा घुसतात आणि चॉकलेट मऊ, डागाळलेलं होतं. म्हणून दोन तृतीयांश काळं चॉकलेट ४५ अंशांवर वितळवायचं, उरलेलं बारीक चिरून त्यात टाकायचं आणि ढवळत ढवळत ३२ अंशांवर आणायचं. चिरलेल्या तुकड्यांतले चांगल्या घराण्यातले स्फटिक बाकीच्यांना वळण लावतात. थर्मामीटर उंच धरून मी हे सगळं आईला समजावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे विरजण," ती म्हणाली.

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. मग तिनं चमच्यावरचा थेंब खालच्या ओठाला लावून निकाल दिला, "अजून गरम आहे." थर्मामीटर ३४ दाखवत होता. चॉकलेटचे कसलेले कारागीरही हीच ओठाची परीक्षा करतात. हे मी तिला सांगितलं नाही. तिला आधीच बरंच येतं.

या काळात नळाला कुणी हात लावायचा नाही, असा बायकोचा हुकूम होता. वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचा थेंब पडला की त्यातली साखर त्या थेंबाभोवती गोळा होते आणि बघता बघता भांड्यात चिखल होतो. गंमत म्हणजे त्याच चिखलात आणखी पुरेसं पाणी घातलं तर तो पुन्हा सैल होतो. वर लावायच्या लायकीचा राहत नाही, पण आइस्क्रीमवर ओतता येतो. थोड्यानं बिनसतं आणि फार झालं की निभतं, असे नातेवाईक आपल्याकडेही असतात. आई स्वयंपाकघरात उभी असली की दर मिनिटाला हात धुते. त्या दुपारी तिचे हात बायकोनं कोरड्या पंच्यात गुंडाळून ठेवल्यासारखे धरले होते.

बुडवणं सोपं. काट्यावर प्रेटझेल घ्यायचं, बुडवायचं, काटा भांड्याच्या कडेवर ठोकायचा, तळ कडेला निपटायचा, नाहीतर कागदावर त्याभोवती चॉकलेटचं थारोळं साचतं. वरून पांढऱ्या चॉकलेटच्या रेघा. तासाभरात ओट्यावर, जेवणाच्या टेबलावर, शेवटी इस्त्रीच्या टेबलावरही कागद पसरले.

आणि मग आईनं विचारलं, "ठेवायची कुठे?"

आईच्या लेखी पदार्थाचे दोनच वर्ग: ताजे आणि साठवणीचे. प्रेटझेलं साठवणीची ठरल्यावर त्यांना पापड-कुरडयांचे सगळे नियम लागू झाले. हे मी कौतुकानं सांगतोय, कारण ते नियम शास्त्राला धरून आहेत. पूर्ण वाळल्याखेरीज डब्यात भरायचं नाही. थरांमध्ये कागद. मऊ केक-बिस्किटांच्या डब्यात प्रेटझेल ठेवायचं नाही, नाहीतर त्यांची ओल ते शोषतं आणि सादळतं. चॉकलेटचा थर त्याला थोडंफार वाचवतो, पण जिथे टवका उडाला तिथून हवा शिरते.

फ्रिजचा विचारच नको. चॉकलेट आजूबाजूचे वास ओढून घेतं, आणि आमच्या फ्रिजमध्ये लसणाची चटणी, मेथी आणि एका पुडक्यात सुकट नांदत असते. शिवाय गार डबा उबदार घरात उघडला की चॉकलेटवर दव धरतं, त्यात साखर विरघळते आणि वाळल्यावर वर खरखरीत पांढुरका थर राहतो. फ्रीझरमध्ये ठेवायचंच असेल तर हवाबंद, आणि बाहेर काढल्यावर डबा घरच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. ही अट पाळणारं घर मला दाखवा.

बायको रत्नागिरीची. तिनं प्रेटझेलं स्टीलच्या डब्यात भरून वर 'कुळीथ' अशी चिठ्ठी लावली आणि डबा फळीवर मागे सरकवला. आमच्या घरात कुळथाची चौकशी कधी कुणी केलेली नाही. पण सांगलीच्या माणसाला थंडी पडली की हुलग्याचं, म्हणजे कुळथाचंच, माडगं आठवतं. चौथ्या दिवशी सकाळी आई फळीपाशी उभी होती, हातात उघडा डबा. तिनं हाक मारून नातीला बोलावलं. "तुमच्याकडचे हुलगे बघ गं कसे असतात," ती म्हणाली, आणि दोघींनी ते नीट बघितले.

त्यानंतर साठा तळघरात हलवला. हिवाळ्यात आमचं घर २१ अंशांवर असतं आणि तळघर १६ च्या आसपास, कोरडं, काळोखी. चॉकलेटला याहून चांगली जागा नाही. आईनं मोजून झाकणावर आकडा लिहिला. रोज वरचा थर पूर्ण दिसत होता, म्हणून सगळे निश्चिंत होते. लेक मात्र कागद अलगद उचलून खालच्या थरातून काढत होती, इमारतीचा दर्शनी भाग तसाच ठेवून. बायको रात्री कपड्यांचं मशीन लावायला जायची. मी फक्त हीटिंगचा फिल्टर बघायला जायचो. त्या महिन्यात आमच्या घराची हवा फारच शुद्ध होती. आणि आई, जिला साखरेची एक गोळी आहे आणि रक्तदाबाची एक, ती दोन्ही डॉक्टरांना एका घासात दुखावणारा हा पदार्थ "मीठ बघायला" म्हणून खायची.

नाताळाच्या आदल्या दिवशी शेजारी पाठवायला झाकण उघडलं तेव्हा दर्शनी भाग खाली बसला. उरली होती ती ताटलीत रचून आई स्वतः घेऊन गेली. आजीबाईंनी एक मोडलं, टक्‌ आवाज ऐकला, भुवया उंचावल्या, आणि कसं केलं ते विचारलं. आईला इंग्रजी बेताचं येतं. तिनं नातीला सांगितलं, "दही कसं लावतात ते यांना सांग."

जानेवारीत ती सांगलीला परतली, ती नव्या घाण्याचा एक डबा घेऊनच. बहिणींना वाटली. धाकट्या मावशीनं आपल्या वाटणीची नातवंडांसाठी राखून ठेवली. नातवंडं मे महिन्यात येतात. एप्रिलात सांगलीचा पारा चाळिशीला टेकला. मावशीचा फोन आला तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर आईसमोरच होतो.

"अगं, त्या खाऊवर बुरशी आलीय पांढरी. टाकून देते."

"टाकू नकोस," आई म्हणाली. "बुरशी नाही ती. उन्हानं वितळून परत गोठलंय, विरजणाशिवाय. आतलं लोणी वर आलंय. पाचव्या जातीचं होतं गं ते."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग मावशीनं जपून विचारलं, "मग खाल्लं तर चालतं?"

"चालतं की. पण सगळं संपवू नकोस, मी संध्याकाळी येते मीठ बघायला."