रनिंग किती?

नव्या माणसाची ओळख झाली की आमचे दाजी नाव-गाव विचारत नाहीत. "कशावर आलासा?" असं विचारतात. गाडीवर आलो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "रनिंग किती?" माझ्या चुलतभावाच्या सुपारीत त्यांनी तो मुलीच्या वडलांना इतक्या गंभीरपणे विचारला, की त्या भल्या गृहस्थांनी "येत्या मार्गशीर्षात सव्वीस पूर्ण होतील" असं उत्तर दिलं.

दाजी मूळचे विट्याचे. त्या बाजूची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. दाजी कापड मोजायला भिवंडीत आले. नारपोलीतल्या एका पॉवरलूमच्या कारखान्यात ते 27 वर्षं मेहताजी आहेत. कुणी किती कापड विणलं, ताका किती भरला, सूत किती गेलं, हप्त्याला कुणाचे किती निघाले, हे सगळं लिहायचं. मागांच्या खडखडाटानं दोन्ही कान अर्धे गेलेत. त्यामुळे घरातही ते कारखान्यात बोलल्यासारखं बोलतात आणि आमच्या ताईच्या संसारातली गुपितं अख्ख्या कामतघरला पाठ आहेत.

घरातली वही वेगळी. तिच्यात विजेच्या मीटरचं रोजचं रीडिंग असतं, 2011 च्या स्कूटरचं रोजचं रीडिंग असतं, आणि एका पानावर ताईच्या लग्नातला शालू आहे. किंमत 3,200, नेसला 4 वेळा. म्हणजे वेळेला 800 रुपये पडले. हा आकडा दाजींच्या डोळ्यांत खुपतो. पण गौरी-गणपतीत ताई शालू काढायला लागली की तेच आडवे येतात. "आत्ता कशाला? झिजंल की." वस्तू वापरली तर झिजते आणि नाही वापरली तर महाग पडते, या दोन दगडांवर पाय ठेवून आमचे दाजी गेली 27 वर्षं उभे आहेत.

अशा माणसानं गेल्या दिवाळीत गाडी घ्यायची ठरवली.

नवी घ्यायचा प्रश्नच नव्हता. दहा लाखांच्या आतली पेट्रोल गाडी घेतली तरी महाराष्ट्र सरकार 11 टक्के टॅक्स घेणार. "आन शोरूमच्या फाटकाबाहीर चाक पडलं की सेकंडहँड. त्या फाटकाचं एवढं भाडं कोन देणार, पाव्हणं?" मला ते पाव्हणं म्हणतात. अगदी जुनीही नको होती, कारण दुसऱ्याची दुखणी आपण का घ्यायची? म्हणजे मधली. कुणीतरी हौसेनं घेतलेली, टॅक्स भरलेली, आणि हौस फिटायच्या आत विकायला काढलेली. अशा गाडीच्या शोधात मला प्रत्येक रविवारी कल्याणहून भिवंडीला जावं लागे. वाहनांतलं मला काहीही कळत नाही. पण मला चालवता येते आणि दाजींना येत नाही, एवढ्यावर माझी तज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली.

पाच-सहा रविवारांत चाळणीतून दोन गाड्या उरल्या. मॉडेल एकच, दोन्ही 2023 च्या, मागणी दोघांचीही सात लाखांची. पहिली कल्याणच्या एका डॉक्टरीणबाईंची, बेस मॉडेल. आत एक स्टिअरिंग आणि बसायला जागा, एवढंच म्हणा ना. पण चालली होती फक्त 8,400 किलोमीटर. दुसरी नाशिकच्या एका औषधकंपनीच्या प्रतिनिधीची, टॉप मॉडेल. सनरूफ, अलॉय व्हील, मागचा कॅमेरा, मागच्या सीटला एसीची जाळी, दोनाऐवजी सहा एअरबॅगा. ही 31,000 चालली होती.

साध्या माणसानं दोन्ही चालवून बघितल्या असत्या. दाजींनी नवं पान उघडलं.

गाडी दीड लाख किलोमीटर चालणार असं धरायचं. तिची किंमत सहा लाख धरायची. ("सात म्हनतोय, पन सहालाच तुटनार.") म्हणजे किलोमीटरला चार रुपये. हा झाला भाव. मग प्रत्येक चोचला या भावानं किलोमीटरमध्ये मोडायचा. मागचा कॅमेरा बाहेरून बसवायला बारा हजार, म्हणजे 3,000 किलोमीटर. अलॉय व्हील चोवीस हजार, 6,000 किलोमीटर. सनरूफ साठ हजार, 15,000 किलोमीटर. बेरीज 24,000. दोन गाड्यांच्या रनिंगमधला फरक 22,600. टॉप मॉडेल 1,400 किलोमीटरनं स्वस्त!

मी टाळी द्यायला हात पुढे केला. दाजींनी पेन पुढे केलं.

"थांबा. सनरूफ भिवंडीत उघडनार कोन?"

यात तथ्य होतं. ज्या गावात वाळत घातलेल्या बनियनला संध्याकाळपर्यंत रुईची मिशी फुटते, तिथं छपराला भोक पाडून आकाश बघणं परवडत नाही. सनरूफचे 15,000 खोडून 2,000 केले. टॉप मॉडेल धाडकन महाग झालं. मग भाची म्हणाली, पप्पा, सनरूफ पाहिजेच. 4,000 केले. ताई एवढंच म्हणाली, "मागं बसणाऱ्याला एसी लागतो का, ते कुठल्या रकान्यात आहे?" दाजींनी तो रकाना आखला आणि रिकामा सोडला.

एअरबॅगांपाशी मात्र वही अडली. दोन एअरबॅगा आणि एबीएस कायद्यानंच दोन्ही गाड्यांत होते, मागचे सेन्सरही होते. प्रश्न वरच्या चार बॅगांचा. दाजी बराच वेळ छताकडे बघत बसले. "ह्याला भाव लावता येत न्हाई. ज्याला उपयोग हुतो, त्यो हिशेबाला बसंल का न्हाई, तेच सांगता येत न्हाई." माझ्या मते अख्ख्या यादीत किलोमीटर मोजून घेण्यासारखी हीच एक गोष्ट होती. मी तसं बोललोही. पण तज्ज्ञाचं कोण ऐकतो?

मध्येच एकदा विमा एजंटकडे गेलो, तर त्यानं वेगळाच कागद काढला. सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के घसारा, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीन वर्षांपर्यंत 30. दाजींनी कागद उलटसुलट करून बघितला. "आन रनिंग?" रनिंगचा यात संबंध नाही, म्हणाला. म्हणजे घरात झाकून ठेवलेली गाडी आणि रोज नाशिकला पळणारी गाडी या कोष्टकाला सारखीच. शालू नेसला काय आणि ट्रंकेत ठेवला काय! दाजी परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत.

हायवेलगतच्या एका सेकंडहँडवाल्याकडे तिसरी गाडी लागली होती, तेव्हाची गोष्ट तर मी अजून लग्नकार्यात सांगतो. गाडीचं मीटर 19,000 दाखवत होतं. दाजी खाली बसले आणि टायरच्या कडेवरचे आकडे वाचायला लागले. टायरवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गाडी 2023 ची आणि चारही टायरवर 0625. म्हणजे 2025 च्या सहाव्या आठवड्यात तयार झालेले. एकोणीस हजारांत चारही टायर कोण बदलतो? दाजी हे बोलले नाहीत. ते किंमत पाडायच्या नादात होते आणि डोक्यात त्यांचा तो भाव घोळत होता. उठून धुळीचा हात पँटला पुसत म्हणाले, "ह्यो टचस्क्रीन आपल्याला नको. काढून घ्या आन त्या बदल्यात पाच हजार किलोमीटर कमी धरा."

त्या माणसानं डोळ्याची पापणीही लवू दिली नाही. "काका, स्क्रीन राहू द्या. पाच हजार कमी करतो ना. संध्याकाळपर्यंत करून ठेवतो."

दाजींना पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा ते माझा दंड धरून बाहेर आले आणि रस्त्याकडेला कटिंग पिताना कितीतरी वेळ हसत राहिले. "27 वर्सं झाली, पाव्हणं. मागाच्या मीटरला काय करत्यात, मला ठावं न्हाई व्हय? आन मागावर ताणलेलं कापड वायलं, घडीवर आखडलेलं वायलं. मीटर मीटर काय करतो आपुन? पिक बगाय पायजे. पिक!"

आणि ग्लास हातातच राहिला.

पिक म्हणजे काय ते मला त्या टपरीवर कळलं. कापडात इंचाला आडवे धागे किती, तो पिक. एक मीटर कापड 40 पिकाचं असतं, एक मीटर 72 पिकाचं असतं. मोजपट्टीवर दोन्ही एक मीटरच. पण दुसऱ्याला धोटा जवळजवळ दुप्पट वेळा इकडून तिकडे पळालेला असतो, सूत तेवढं जास्त गेलेलं असतं, माग तेवढा जास्त झिजलेला असतो. म्हणून मजुरी ठरवताना नुसतं मीटर बघत नाहीत. "गाडीचं रनिंग म्हंजे मीटर झालं. तिचा पिक किती, हे इचारलंच न्हाई आपुन."

त्याच दुपारी आम्ही पुन्हा डॉक्टरीणबाईंच्या दारात. बाईंनी चहा ठेवला. दाजींनी इंजिन बघितलं नाही, रंग बघितला नाही. दार उघडून खाली वाकले आणि क्लचच्या पेडलवरून अंगठा फिरवला. रबराच्या रेघा गेल्या होत्या, मधोमध गुळगुळीत खळगा होता. ब्रेकचंही तेच. दाजी हळूहळू सरळ झाले.

"बाई, दवाखाना किती लांब?"

"जवळच आहे हो. चार किलोमीटर. म्हणून तर गाडी चाललीच नाही."

"आन येळ किती लागतो?"

"चाळीस मिनिटं धरा. पुलावर अडकलं तर विचारू नका."

दाजींनी चहा संपवला, नमस्कार केला आणि रिक्षात बसल्याबसल्या वही उघडली. चाळीस मिनिटांत चार, म्हणजे तासाला सहा किलोमीटर. या हिशेबानं 8,400 किलोमीटर चालायला इंजिन 1,400 तास फिरलेलं. नाशिकवाला हायवेनं तासाला पन्नासनं गेला असं धरलं, तर त्याचे 31,000 किलोमीटर 620 तासांत उरकलेले. वर गिअर एकदा टाकला की कसाऱ्यापर्यंत क्लचला पाय लागायचं कारण नाही. कमी चाललेली गाडी दुपटीहून जास्त राबली होती, आणि ते तिच्या मीटरवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. अंजूर फाट्याच्या कोंडीत उभी राहिलेली गाडी किती म्हातारी होते, ते सांगणारा काटा अजून डॅशबोर्डवर कुणी बसवलेला नाही.

मी दाजींकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर शोध लागल्याचा आनंद नव्हता. ज्या आकड्यावर त्यांनी आयुष्यभर भरवसा टाकला त्यानंच दगा दिला होता. "आपल्या हिकडचा किलोमीटर 72 पिकाचा हाय, पाव्हणं," एवढंच ते म्हणाले.

नाशिकची गाडी सहा लाख पंधरा हजारांना तुटली. फॉर्म 29, फॉर्म 30, चलनं भरलेली आहेत की नाहीत, बँकेचा बोजा उतरला की नाही, सगळं दाजींनी तीन वेळा तपासलं. नंबर एमएच 15 चा. कामतघरात कुणी विचारलं तर आधी ते प्लेटकडे बोट दाखवतात आणि मग पिकाचा सिद्धांत पहिल्यापासून सांगतात. शेजारचे एकजण त्यामुळे जिन्याऐवजी मागच्या दारानं ये-जा करतात.

पहिली फेरी वज्रेश्वरीची. मी स्टिअरिंगवर, दाजी शेजारी वही घेऊन, मागं ताई आणि भाची. वंजारपट्टी नाका पार केला आणि नदीनाक्याच्या अलीकडे सगळं थांबलं. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला ग्रे कापडाचे ताके वाहणारा टेम्पो. दहा मिनिटं झाली. वीस झाली. गाडी ताशी 80 च्या वर गेली की कायद्यानं शिट्टी वाजते. वाड्याच्या वाटेवर ती शिट्टी ऐकलेला माणूस मला अजून भेटायचाय. दाजी मीटरकडे टक लावून होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता.

"बगा. अर्ध्या तासात सातशे मीटर. काय वाढलं न्हाई!"

मागून ताई म्हणाली, "अहो, इंजिन चालू आहे ना? मग हे पिक कोण लिहिणार?"

गाडीत शांतता पसरली. दाजींनी हात लांब करून स्वतः चावी फिरवली. इंजिन बंद, एसी बंद. पाच मिनिटांत काचांवर वाफ धरली. भाचीनं वरचं बटण दाबून बघितलं, पुन्हा दाबलं. सनरूफ हलेना.

"पप्पा, इग्निशन बंद आहे. नाही उघडत."

दाजी पुढच्या कंटेनरच्या पाट्या वाचत बसले. घामाचा एक ओघळ त्यांच्या कानामागून कॉलरमध्ये गेला. मग त्यांनी माझ्याकडे न बघता मान हलवली. "चालू करा. काच उघडंपातुर फकस्त."

छप्पर सरकलं. वारा आला, डिझेलचा धूर आला, टेम्पोवरून उडालेली रुई आली आणि सावकाश तरंगत दाजींच्या टकलावर बसली. ताईनं मागून वाकून ती चिमटीत उचलली. दाजींनी वही मांडीवर घेतली, शालूचं पान उलटलं, त्यामागच्या कोऱ्या पानावर रेघ मारली आणि लिहिलं : सनरूफ, 1.