फोर्सआउट काका

न्यू जर्सीच्या मराठी मंडळींत चार प्रकारचे काका हमखास भेटतात. गॅरेजमध्ये पन्नास जणांची मिसळ करणारे, टॅक्सबद्दल न विचारता सल्ला देणारे, ‘पुढच्या वर्षी कायमचा पुण्याला’ असं वर्षानुवर्षं सांगणारे आणि फोर्सआउट काका. पहिले तिघे निरुपद्रवी. चौथ्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसली, तर ती रिकामी का आहे याचा आधी विचार करावा.

काका ऐंशीच्या दशकात आले. बरीच वर्षं बेसबॉल म्हणजे त्यांच्या लेखी क्रिकेटची बिघडलेली आवृत्ती होती. मग मुलगा लिटिल लीगमध्ये खेळायला लागला आणि शनिवारी घडीची खुर्ची घेऊन मैदानावर बसणं आलं. अशाच एका शनिवारी चिरंजीव तिसऱ्या बेसवरून धावत येऊन होम प्लेटवर पोहोचले. काकांनी टाळ्या वाजवल्या, काकूंनी फोटो काढला आणि अंपायरने धाव दिलीच नाही. दुसरा बाप भांडला असता. काकांनी नियमांचं पुस्तक मागवलं. पुढे मुलगा बेसबॉल सोडून पोहायला लागला. पुस्तक मात्र काकांच्या उशाशीच राहिलं.

तेव्हापासून काका खेळ बघत नाहीत, नियम बघतात. होमरनची त्यांना मनापासून चीड आहे. ‘चेंडू गेला प्रेक्षकांत, विषय संपला. त्यात समजावून सांगण्यासारखं काय आहे?’ त्यांचा जीव रमतो तो दोन आउट झालेले असताना, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर माणूस असताना.

परवा सांगलीहून त्यांचे व्याही आणि विहीणबाई आले होते. जेवणं उरकली, सुकामेव्याची बशी आली आणि काकूंनी कपाळाला हात लावला, कारण काकांनी टेबलावर चार कोस्टर मांडायला घेतले होते. पहिल्या बेसवर बेदाणा, तिसऱ्यावर काजू, फलंदाज म्हणून बदाम.

‘आता बघा व्याहीबुवा. एका बेसवर दोघं राहू शकत नाहीत. बदामाने चेंडू जमिनीवरून मारला, म्हणजे त्याला पहिल्या बेसकडे पळणं भाग. मग तिथला बेदाणा काय करणार?’

‘उठणार,’ व्याही म्हणाले. माणूस एसटीत नोकरीला होता.

‘उठणार! दुसऱ्या बेसकडे जाणार! जावंच लागणार! याचं नाव फोर्स. अशा वेळी क्षेत्ररक्षकाने त्याला चेंडू लावायची, म्हणजे टॅग करायची, गरज नाही. चेंडू हातात धरून दुसऱ्या बेसवर पाय ठेवला की बेदाणा बाद.’

‘आणि काजू?’

काका याच प्रश्नाची वाट बघत होते. ‘काजू घरी पोहोचला असेल, अगदी बेदाणा बाद व्हायच्या आधी पोहोचला असेल, तरी तिसरा आउट फोर्सने झाला तर ती धाव धरत नाहीत! बदाम पहिल्या बेसला पोहोचण्याआधी तिसरा म्हणून बाद झाला, तरीही नाही. नियम ५.०८.’

‘पण हा अन्याय आहे,’ विहीणबाई म्हणाल्या.

‘अहो, क्रिकेटमध्ये झेल होईपर्यंत दोघांनी पळून एक धाव काढली, तर धरतात का? नाही. पण दुसऱ्या धावेत कुणी धावबाद झाला, तर पहिली धरतात. इथेही तसंच. फोर्स नसताना कुणाला चेंडू लावून तिसरा आउट केला, तर काजू आधी पोहोचला की नाही एवढंच बघायचं. आधी पोहोचला असेल तर धाव पक्की.’

व्याह्यांची मान हलली. काकांना चेव आला. पहिल्या बेसवाल्याने चेंडू उचलून आधी स्वतःच्याच बेसवर पाय ठेवला, तर बदाम बाद होतो. मागून ढकलणाराच गेला, म्हणून बेदाण्यावरचा फोर्स उठतो आणि आता त्याला चेंडू लावूनच बाद करावं लागतं, इथवर व्याही टिकले. मग काकांनी झेलाचं प्रकरण काढलं. झेल पकडण्याआधीच धावपटूने बेस सोडला आणि त्याला परतायच्या आत क्षेत्ररक्षकाने चेंडूसह त्या बेसवर पाय ठेवला. ‘दिसायला हुबेहूब फोर्स. पण फोर्स नाही! अपील! म्हणजे काजू त्याआधी घरी पोहोचला असेल तर…’

काजू टेबलावर नव्हता. विहीणबाई चघळत होत्या.

‘हरकत नाही,’ काका म्हणाले, ‘हा टॅग धरू.’

काकांची सर्वांत लाडकी गोष्ट फ्रेड मर्कलची. ती सांगतात तेव्हा ते चष्मा काढतात. २३ सप्टेंबर १९०८, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, जायंट्सविरुद्ध शिकागो कब्ज, १-१ बरोबरी, नववा डाव, दोन आउट. पहिल्या बेसवर मर्कल, वय वर्षं १९. ब्रिडवेलने फटका मारला, तिसऱ्या बेसवरचा मॅक्कॉर्मिक घरी आला, जायंट्स जिंकले, लोक मैदानात घुसले. मर्कल दुसऱ्या बेसला पाय न लावताच क्लबहाउसकडे पळाला. त्या काळी सगळेच तसं करत. पण कब्जचा जॉनी एव्हर्स हा काकांच्याच जातकुळीचा. त्याने चेंडू मागवून दुसऱ्या बेसवर पाय ठेवला आणि अंपायर हँक ओडेकडे दाद मागितली. तो चेंडू तोच होता की गर्दीतून आलेला दुसराच, हा वाद अजून चालू आहे. ओडेने फोर्स दिला, धाव रद्द, सामना बरोबरीत. ८ ऑक्टोबरला तो पुन्हा खेळला गेला, कब्जनी ४-२ असा जिंकला आणि पुढे वर्ल्ड सिरीजही नेली.

‘आणि एव्हर्सने हाच प्रयत्न त्याच महिन्याच्या ४ तारखेला पिट्सबर्गला केला होता,’ काका बोट नाचवत सांगतात. ‘अंपायर हाच ओडे. तेव्हा नाही दिला. पण घरी जाऊन विचार केला असणार!’ पराभूत मर्कलबद्दल त्यांना कणव आहे, पण प्रेम आहे ते एव्हर्सवर. जिंकलेल्या लोकांच्या जल्लोषात ज्याचं लक्ष बेसवर असतं, तो काकांचा माणूस.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रिजवॉटरच्या बालाजीचं दर्शन आणि संध्याकाळी तिथल्याच सॉमरसेट पेट्रियट्सचा सामना, असा पाहुण्यांचा ठरलेला कार्यक्रम झाला. सहाव्या डावात यजमानांचा धावपटू होम प्लेटवर आला आणि स्टेडियम उठून ओरडलं. काका बसून होते. त्यांची नजर दुसऱ्या बेसवर. तेवढ्यात शेजारून व्याही पुटपुटले, ‘बेदाणा गेला. धाव नाही.’ फलकावर आकडा हलला नाही. काकांनी भर गर्दीत व्याह्यांना मिठी मारली. सामना कोण जिंकलं, हे दोघांनाही घरी आल्यावर सांगता आलं नाही.

तुम्ही उन्हाळ्यात मुलाकडे तिकडे जाणार असाल, तर काकांना टाळू नका. तिथे जन्म काढलेल्या कितीतरी मराठी माणसांना फोर्स आणि अपील यांतला फरक आजही सांगता येत नाही. काकांकडे तो एका बैठकीत कळतो. फक्त बसण्याआधी जेवून घ्या.