भोपाळात क्लचचं पेडल कसं दुरुस्त करावं: नवशिक्यांसाठी

लागणारं सामान: एक जुनी मारुती ८००. दहा, बारा आणि चौदा नंबरचे पाने. पक्कड, पेचकस, टॉर्च, थोडं ग्रीस, टाकून द्यायची एक चादर. याखेरीज मागे वाकू शकणारी मान आणि सुट्टीचा एक अख्खा दिवस, ज्या दिवशी घरात कुणाचं बारसं, डोहाळजेवण किंवा सत्यनारायण नाही. पाने शेजाऱ्याकडून आणता येतात. दिवसाचं तुमचं तुम्ही बघा.

गाडी अजून घेतली नसेल तर भोपाळ त्यासाठी फार सोयीचं गाव आहे. मारुती ८०० ची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी दिली आणि शेवटच्या गाड्या जानेवारी २०१४ मध्ये तयार झाल्या, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मधली एक गोष्ट मात्र विसरली जाते. एप्रिल २०१० मध्ये तेरा शहरांत भारत स्टेज-४ चा नियम लागू झाला आणि तिथे ८०० ची विक्री थांबली. त्या यादीत मुंबई होती, पुणं होतं, अगदी सोलापूरही होतं. भोपाळ नव्हतं. त्यामुळे पुणेकर ८०० च्या आठवणी काढायला लागले तेव्हा आपल्याकडे ती शोरूममधून नवी कोरी बाहेर पडत होती. म्हणून भोपाळातली म्हातारी ८०० पुण्यातल्या म्हाताऱ्या ८०० पेक्षा थोडी तरुण सापडते. विकणारा तिच्या टेपबद्दल आणि सीट कव्हरबद्दल भरभरून बोलेल. ज्या भागाबद्दल तो चकार शब्द काढत नाही तो भाग नीट बघावा. बहुधा तो क्लच असतो.

आता पेडल तुटू द्या. घाई करू नका, ते आपल्या वेळेने तुटतं. श्यामला हिल्सचा उतार ही त्याची आवडती जागा. नागपूरहून आलेल्या आत्याला मानव संग्रहालय दाखवून तुम्ही परत निघालेले असता. मागच्या सीटवर आत्या, तिची पिशवी आणि पिशवीत परतीच्या प्रवासासाठी आत्तापासूनच भरलेला चिवडा. गिअर बदलायला डावा पाय दाबता, खाली टक्‌ असा आवाज होतो आणि पेडल जमिनीला टेकतं. पाय उचलला तरी ते वर येत नाही. आत्या म्हणते, “काही पडलं का रे?” नाही म्हणा. ते खरंच आहे. काही पडलेलं नाही, फक्त उठत नाहीये.

शहाण्या माणसाने इथे हँडब्रेक ओढावा, आत्याला रिक्षात बसवावं आणि टोचन करून गाडी घरी न्यावी. हे वाक्य मी मुद्दाम आधी लिहिलं आहे, कारण पुढचं वाचल्यावर कुणाला ते आठवणार नाही. क्लचशिवायही गाडी चालते. हल्लीच्या काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरतच नाही. ८०० ला तेवढी अक्कल दिलेली नाही आणि आज तेच आपल्या पथ्यावर पडतं. इंजिन बंद करून पहिला गिअर टाका, मग किल्ली फिरवा. गाडी स्टार्टरच्या जोरावर एक हिसका देऊन निघते आणि निघताना इंजिनही सुरू होतं. दुसऱ्या गिअरसाठी ॲक्सिलरेटर सोडा, गिअर न्यूट्रलला आणा, इंजिनाचा आवाज थोडा उतरू द्या आणि दांडा दोन बोटांनी दुसऱ्याकडे ढकला. वेळ साधली तर तो आपणहून आत जातो. खर्रर्र आवाज आला तर वेळ साधलेली नाही. जोर करू नका, दात गिअरबॉक्सचे असले तरी पैसे तुमचे आहेत.

पंचाईत होते ती थांबताना, कारण प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद करावं लागतं आणि निघताना पुन्हा तोच हिसका. पॉलिटेक्निक चौराहा, रोशनपुरा, बोर्ड ऑफिस, मग चेतक ब्रिज ओलांडून पिपलानी, असा रस्ता संध्याकाळी सहाला पार करायचा विचार करत असाल तर बॅटरीला आधी नमस्कार करा. रात्री उशिरा, रिकाम्या रस्त्याने, पुढे भरपूर अंतर ठेवून आणि फक्त एवढ्याशा प्रवासापुरतंच हे करावं. जुन्या शहराकडे तर वळूच नका. इतवारा, बुधवारा, जुमेराती अशी आठवड्याभराची नावं असलेल्या त्या गल्ल्यांत तुम्ही ज्या वारी अडकाल त्याच वारी सुटाल याची खात्री नाही.

गाडी घरी आली. आता निदान. इथेच नवशिक्या फसतो, म्हणून जरा थांबून सांगतो. पेडल गेलं म्हटलं की पहिला माणूस म्हणतो, “क्लच प्लेट गेली.” दुसरा म्हणतो, “प्रेशर प्लेटपण घाल बरोबर, पुन्हा पुन्हा कोण खोलणार?” प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. उतरवल्यावर आतून जे निघतं त्याचं बिल होतं आणि जे निघत नाही त्याचंही होतं. खरं तर गोष्ट साधी आहे. पेडल म्हणजे वरच्या बाजूला पिनेवर टांगलेला एक लोखंडी दांडा. खाली पायाने दाबला की त्याचं वरचं टोक मागे जातं आणि हुकाला अडकवलेली वायर ओढली जाते. ती वायर पत्र्यातून पलीकडे, बॉनेटखाली, गिअरबॉक्सवरच्या एका छोट्या आर्मपर्यंत जाते. आर्म हलला की आतला बेअरिंग प्रेशर प्लेटवर दाबतो आणि क्लच सुटतो. ८०० मध्ये या कामात ना तेल आहे ना पंप. नुसती ओढाओढी.

म्हणून तपासणी खर्चाच्या खालच्या टोकापासून करावी. इंजिन बंद. कुणाला तरी पेडल दाबायला बसवा आणि तुम्ही बॉनेट उघडून तो आर्म बघा. पेडल हलतंय आणि आर्म ढिम्म उभा आहे, म्हणजे दोष दोघांच्या मधे आहे: हुक मोडला, वायर तुटली किंवा टोक निसटलं. आर्म पुरता हलतोय आणि तरी गिअर पडताना खरखरतो, तर वायरचा ताण बघा. तोही ठीक असेल तर आजार आतला आहे, ही मार्गदर्शिका मिटवा आणि मिस्त्रीकडे जा. इंजिन ओरडतंय, गाडी पुढे जात नाही आणि जळका वास येतोय, तर प्लेट घसरतेय. तो वेगळा खर्च. आणि पेडल डावी-उजवीकडे डुलत असेल, दाबताना कुरकुरत असेल तर पिनेवरचे नायलॉनचे बुश झिजलेत. हे बुश चहा-समोशाच्या किमतीत मिळतात. त्यांच्यापायी लोकांनी गिअरबॉक्स उतरवलेले आहेत.

निदान झालं. आता डॅशबोर्डखाली शिरायचं. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कारण तिथे वायरींचा गुंता आहे आणि पाना लोखंडी आहे. ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे सरकवा, जमिनीवर चादर टाका, पाठीवर झोपा, डोकं पेडलांपाशी आणि पाय दाराबाहेर. टॉर्च दातांत. सगळं नीट जमलं की नाकावर बरोबर वीस वर्षांची धूळ पडते आणि चष्म्यात फक्त स्वतःचा श्वास दिसतो.

पाय बाहेर दिसू लागले की माणसं जमतात, याची तयारी असू द्या. हेल्मेट घातलेला एक जण गाडी बंद न करता विचारेल, “को खां, क्या हो गया?” उत्तर देऊ नका, टॉर्च पडते. पोहे-जिलेबीचा पुडा घेऊन जाणारा थांबेल आणि त्याच्या साडूच्या गाडीचं काय झालं होतं ते सांगेल. यांच्यापासून धोका नाही. सावध राहायचं ते भेलच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या काकांपासून. पिपलानी-बरखेड्याच्या प्रत्येक गल्लीत ते असतात. टी. टी. नगरात असतात ते सचिवालयवाले. १९५६ च्या नोव्हेंबरात राजधानी नागपूरची भोपाळला आली तेव्हा फायलींबरोबर आलेल्या घरांतले. ते फक्त मागच्या वेळी कुठल्या तारखेला दुरुस्ती झाली होती एवढंच विचारतात आणि त्याची नोंद ठेवली नाही म्हणून हळहळतात. भेलच्या काकांनी मात्र जन्मभर पाण्यावर चालणारी टर्बाइनं जुळवलेली आहेत. ते घरून व्हर्निअर घेऊन येतात.

काका बुश मोजतात. मग पिन मोजतात. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, “अरे, हे नायलॉनचं कसलं आलंय? पितळेचा टर्न करून घेऊ. गोविंदपुऱ्यात आपला एक पोरगा आहे लेथवर.” इथे नम्रपणे पण ठाम राहा. पितळेचा बुश दिसतो राजबिंडा, पण ग्रीस हुकलं की तो पिनेलाच खायला लागतो, आणि पिन बुशासारखी समोशाच्या भावात मिळत नाही. नायलॉन स्वतः झिजतो आणि पिनेला वाचवतो; त्याला त्यासाठीच तिथे बसवलेलं आहे. काकांना हे पटेल, पण पटलं असं ते म्हणणार नाहीत. त्यांना चहा द्या आणि वायरचं टोक धरायला सांगा. त्यांच्याइतका स्थिर हात गल्लीत दुसरा नाही.

सुटा भाग आणायला कबाडखान्यात जावं. जुना तुकडा खिशात न्या, वर्णनाच्या भरवशावर राहू नका. पहिला प्रश्न येईल, “कार्बोरेटर वाली या एमपीएफआय?” गाडीचं साल सांगा. दुसरा प्रश्न: “ओरिजिनल, लोकल या निकाला हुआ?” बुश आणि वायर ओरिजिनल घ्यावी, लोकल वायरची तार सुरुवातीला छान सरकते, पण टोकाशी तिचे धागे फार लवकर सुटायला लागतात. अख्खं पेडल हवं असेल तर मात्र दुसऱ्या गाडीतून निघालेलं चालतं, कारण त्यात बिघडण्यासारखं आहेच काय? फक्त हुकाच्या मुळाशी नखाने खरवडून बघा. रंगाखाली केसासारखी रेघ दिसली तर ते परत ठेवा आणि भाव खूप आहे म्हणा.

हुक आपलाच वापरायचा असेल तर वेल्डिंग आलं. वेल्डिंगवाला पोरगा गाडीत डोकावून म्हणेल, “खोलना क्यों, अंदरच मार देता हूँ.” नको म्हणा. वर वायरिंग, खाली कार्पेट, बाजूला बुश आणि मधे ठिणग्या. पेडल काढून त्याच्या हातात द्या. काढताना आधी वायरचं टोक हुकातून सोडवा, मग स्प्रिंग, मग पिनेची क्लिप. स्प्रिंग उडते. नेहमी सीटखालीच उडते, आणि सीटखाली हात घातला की आधी एक जुनं रुपयाचं नाणं, एक पेनचं टोपण आणि मागच्या मालकाची लॉटरी सापडते. शेजारचं पेडल ब्रेकचं आहे. त्याला कितीही मोह झाला तरी हात लावू नका.

बसवताना क्रम उलटा. पिनेला ग्रीस, बुश, पेडल, क्लिप, स्प्रिंग, वायर. नवी वायर पत्र्यातून नेताना तिला कुठेही तीव्र वळण पडू देऊ नका आणि सायलेन्सरच्या गरम पाइपापासून लांब ठेवा; वळलेली वायर जड होते आणि मग सगळे पुन्हा प्लेटवर संशय घेतात.

शेवटचं काम गिअरबॉक्सच्या टोकाला असलेल्या नटाचं. पेडल हाताने दाबून बघा: सुरुवातीचे साधारण दोन सेंटीमीटर ते मोकळं जायला हवं, त्यानंतर जोर लागायला हवा. मोकळीक अजिबात नसेल तर बेअरिंग सतत दाबलेला राहतो आणि प्लेट घसरायला लागते. फार मोकळं असेल तर क्लच पुरता सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना गाडी शेजाऱ्यांना कळेल असं ओरडते. काका इथे पट्टी मागतील. द्या. ते अर्ध्या सेंटीमीटरवरून वाद घालतील. त्यांचं ऐका, कारण या एका बाबतीत ते बरोबर असतात.

बॅटरी जोडा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, समोर कुणी उभं नाही. इंजिन सुरू करा, क्लच दाबा, तीनपर्यंत मोजा आणि रिव्हर्स टाका. आवाज आला नाही तर कॉलनीत दोन चकरा मारा, मग ईदगाह हिल्सचा चढ चढून या. नवी वायर पहिल्या काही दिवसांत थोडी ताणते, म्हणून आठवड्याने तो नट पुन्हा बघावा लागतो. आत्याची गाडी उद्या सकाळची असेल तर स्टेशनला जायला तरीही रिक्षाच सांगून ठेवा. तिला काहीच कळलेलं नाही असं तुम्हाला वाटतं, पण तिने रात्रीच नागपूरला फोन केलेला आहे.