हमिंगरावांस अनावृत पत्र

श्री. हमिंगराव यांस,
मुक्काम : स्टेजच्या डाव्या बाजूचा स्पीकर,
मलकापूर, तालुका कराड.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, चोवीस तास पाणी देणारे गाव म्हणून आमच्या मलकापूरचे नाव झाले, पण कार्यक्रमाच्या रात्री स्पीकरमधून तुमची ‘घूंऽऽ’ही तितकीच अखंड वाहते याची नोंद कुठेच नाही. भजन असो, व्याख्यान असो की शाळेचे गॅदरिंग, निवेदकाच्या आधी तुम्ही हजर आणि आभारप्रदर्शनानंतरही तुम्हीच शिल्लक.

तुमचा जन्म विजेच्या तारेतला, म्हणून घराणे मोठे. इकडे कोयनेची १,९६० मेगावॉटची वीज, आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे वीज-ग्रीड बाकीच्या देशाशी जोडले गेल्यापासून सगळा देशच सेकंदाला ५० आवर्तनांच्या एका ठेक्यावर. त्यामुळे काश्मीर ते कन्याकुमारी तुमची पट्टी एकच : पेटीवरची पांढरी पाच, जराशी चढी. बुवांनी काळी एक धरली तरी तुम्ही ढळत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तुम्हाला ना जवारी लागते, ना जुळवणी, ना मानधन! १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले तेव्हा वीज नव्हती, म्हणून तेवढा एक प्रयोग तुमचा हुकला.

तुमच्या आश्रयदात्यांचेही जाहीर आभार मानतो. स्टेजवरच्या ॲम्पला वीज देवळाच्या बोर्डातून आणि मांडवामागच्या मिक्सरला समोरच्या टपरीतून, ही आमची जुनी रीत. दोन ठिकाणची अर्थिंग, दोन्हींच्या दाबात थोडा फरक. मधल्या केबलच्या जाळीवरून मग करंट निवांत येरझाऱ्या घालतो आणि श्रोत्यांना तुमचे दर्शन घडते. एकाच बोर्डावरून दोन्हीकडे वायर ओढली असती तर तुमची पंचाईत होती. कमिटीने ते पैसे वाचवून पाहुण्यांचा हार मोठा आणला. पुढे माईकची आणि लायटिंगची वायर एकाच चिकटपट्टीत गुंडाळून तुमची सोय केली. डिमर आणि स्वस्तातल्या माळा लावून तुमच्या झर्रझर्र करणाऱ्या धाकट्या भावालाही बोलावले.

तुमच्या शत्रूंना आम्ही वेशीबाहेर ठेवतो. बॅलन्स्ड केबलच बघा. तिच्यातल्या दोन तारांतून गाणे एकमेकांच्या उलट जाते, तुम्ही मात्र दोन्हींत सारखेच शिरता. पलीकडे फरक तेवढा घेतला की गाणे उरते आणि तुम्ही शून्य. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये बसणारा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असाच घातकी. गाणे जाऊ देतो, अर्थिंगची वाट तोडतो. आणि वीज व माईकच्या वायरी लांब ठेवणारा, ओलांडायच्याच झाल्या तर काटकोनात ओलांडणारा ऑपरेटर आला, तर त्याला आम्ही ‘फार नखरे करतो’ म्हणून पुढच्या वर्षी बदलतो.

एक गोष्ट मात्र थट्टेपलीकडची. तुमचा आवाज वाढला की कोणीतरी शहाणा ॲम्पच्या थ्री-पिनची अर्थिंगची पिन मोडतो. तुम्ही गप्प होता आणि लोक त्याची पाठ थोपटतात. उद्या त्याच ॲम्पच्या बॉडीत फेज उतरला, तर त्याला जमिनीत जायची वाट नाही. केबलवरून तो माईकच्या धातूपर्यंत येतो, आणि माईकला ओठ टेकवलेले असतात एखाद्या पोराचे किंवा भजनी बुवांचे. तुमच्यामुळे गाणे बिघडते. त्या युक्तीने गाणारा जातो. तेव्हा पिन मोडण्यापेक्षा तुम्ही राहिलात तरी चालेल, हे वाक्य उपरोधाने वाचू नये.

कळावे, लोभ कमी असावा.

आपला,
पहिल्या रांगेतला एक श्रोता

ता. क. : येत्या कार्यक्रमाआधी मिक्सरवरच्या आवाजाच्या सगळ्या सरकत्या पट्ट्या खाली ओढणार आहोत. तरीही बोललात, तर मुक्काम ॲम्पच्या बाजूला समजू. गप्प राहिलात, तर एकेक पट्टी वर करू. जिच्यावर तोंड उघडाल तो तुमचा पक्का पत्ता. पुढचे पत्र थेट तिथेच येईल.