नग एक

घरी कोरलेला लूर, म्हणजे मासे फसवायचं नकली आमिष, हल्ली कुणी नुसता विकत नाही, त्याचं प्रकाशन करतात. वस्तू काय, तर हलक्या लाकडाचा बोटभर मासा, त्यातून आरपार गेलेली स्टीलची तार, पोटात शिशाची गोळी, दोन तिहेरी गळ आणि वरून इपॉक्सीचा चकचकीत थर. हा मासा पारदर्शक पिशवीत जातो. पिशवीच्या डोक्यावर दुमडलेलं जाड कार्ड स्टेपल होतं, कार्डाला टांगण्यापुरतं भोक पडतं आणि मग कार्डावर साहित्य सुरू होतं. ‘मातीशी नातं’, ‘खाडीचा वारसा’, ‘प्रत्येक नग एक कलाकृती’. पाठीमागे कायद्याचा मजकूर : बनवणाऱ्याचं नाव, घराचा पिनकोडसकट पत्ता, महिना आणि वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. आणि या गर्दीत कुणालाही न जुमानता ताठ उभी असलेली एक ओळ. निव्वळ प्रमाण : १ एन.

मासे लेबल वाचत नाहीत, हा विनोद कुणी करू नये. तो जुना आहे, शिवाय गैरलागू आहे. मासा पाण्यात असतो आणि पाकीट फाडून खडकावर टाकलेलं असतं, दोघांची गाठ पडायला वेळ लागतो. लेबल गरवायला जाणाऱ्या माणसासाठी असतं. तेव्हा ते वाचून त्या माणसाला काय कळलं, एवढंच विचारायचं.

त्याला कळलं, की पिशवीत एक लूर आहे. पिशवी पारदर्शक असल्यामुळं हे त्याला दुकानाच्या दारातूनच कळलं होतं, पण आता लेखी मिळालं. आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम सांगतात, की नगावर विकायच्या मालावर संख्या द्या आणि तिच्यापुढं एन किंवा यू लिहा. शंभर टाचण्यांच्या डबीला हा नियम शहाणपणाचा आहे, दुकानात टाचण्या मोजत कोण बसणार? पण ‘एक’ ही संख्या मोजावी लागत नाही. मोजावं लागतं ते वजन, आणि ते पिशवीतून दिसत नाही. गरवायच्या रॉडवर मुठीच्या वर छापलेलं असतं, १० ते ३० ग्रॅम. म्हणजे एवढ्या वजनाचं आमिष फेकायला ही काठी. पाच ग्रॅमचा लूर लावलात तर तो पायाशी पडेल, साठ ग्रॅमचा लावून जोर केलात तर काठीचं टोक जाईल. बरं, लूर तरंगणारा की बुडणारा, हेही वजनावरच ठरतं. वीस घनसेंटिमीटरचा लूर पूर्ण बुडाला की गोड्या पाण्यात वीस ग्रॅम पाणी बाजूला सारतो, समुद्रात साधारण साडेवीस. त्याचं वजन २०.२ ग्रॅम असेल तर धरणात तो हळूहळू तळाला जाईल आणि समुद्रात वर तरंगेल. जिताडा मासा तर खाडीतला, जिथं पाणी भरतीला खारट आणि पावसाळ्यात मचूळ. तिथं हा लूर पंचांग बघून स्वभाव बदलेल. हे सगळं ठरवणारा अर्धा ग्रॅम बनवणाऱ्याला नेमका ठाऊक असतो, बादलीत बुडवून बुडवून शिसं कमी-जास्त त्यानंच केलेलं असतं. त्याच्या कारागिरीतली खरी विद्या ती एवढीच. तीच तेवढी कार्डावर येत नाही. येतो, नग एक.

शाळेतलं विज्ञान ज्यांच्या डोक्यात अजून शिल्लक आहे, त्यांना या एनचा आणखी एक अर्थ आठवेल. एन म्हणजे न्यूटन, बलाचं एकक. ज्या वैधमापन कायद्यानं देशभर आंतरराष्ट्रीय एककपद्धती लावली, त्याच कायद्याखालच्या पाकिटावर एन म्हणजे नग. आता एक न्यूटन म्हणजे पृथ्वीवर साधारण १०२ ग्रॅम वस्तुमानाचं वजन. तेव्हा भौतिकशास्त्र प्रामाणिकपणे शिकलेल्या गिऱ्हाइकानं कार्ड वाचून ३० ग्रॅमच्या रॉडला हा लूर लावायलाच नको, त्यानं थेट मोठ्या गोबऱ्यासाठी बोट ठरवावी. घरी येऊन त्यानं तो वीस ग्रॅमचा लूर ताणकाट्याला लावला (ताणकाटा बिचारा खरं तर न्यूटनच मोजतो), तर काटा दाखवणार ०.२. म्हणजे जाहीर केलेल्या मालाच्या एक पंचमांशच माल पिशवीत निघाला, ऐंशी टक्के तूट! मग त्यानं कार्डावरच्या तक्रार क्रमांकावर फोन करावा. फोन बनवणाऱ्याच्या घरी वाजणार, कारण कारखाना म्हणजे त्याची गच्ची. बनवणारा शपथेवर सांगणार, की मी एकच दिला. गिऱ्हाईक म्हणणार, एक नाही, शून्य पूर्णांक दोन दिला. दोघंही खरं बोलत असणार, दोघांकडं पुरावा म्हणून तेच कार्ड असणार आणि त्या कार्डावर वजनाचा अवाक्षरानं उल्लेख नसणार.

बरं, हा ‘एक’ तरी नीट लिहू देतात का? नियमांना आकड्यांच्या शरीरयष्टीची भारी काळजी. अक्षराची किंवा आकड्याची उंची किती मिलिमीटर हे ठरलेलं आहेच, पण रुंदीही उंचीच्या एकतृतीयांशाहून कमी नको. अपवाद कुणाला, तर इंग्रजी आयसारख्या हडकुळ्या अक्षरांना आणि एक या आकड्याला. एकाला सूट का, तर तो सरळ काठी आहे, त्याला रुंदी आणायची कुठून! पण काठी असतो तो इंग्रजी वळणाचा एक. आपल्या देवनागरी एकाला चांगलं गोल डोकं आहे, खाली वळलेली शेपूट आहे, तो हुबेहूब गरीसारखा दिसतो. गळाच्या मालावर छापायला याहून योग्य आकडा जगात नसेल. पण कायद्याला अंक लागतात ते भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपातले, त्यामुळं देवनागरी एक हा मोजमापाच्या दृष्टीनं आकडाच नव्हे. तो शोभेला छापा हवा तर.

आणि आता शोभेचा विषय निघालाच आहे तर हेही ऐका. लूर कोरणारा मालवणचा, विकणारा रत्नागिरीचा, घेणारा अलिबागचा. तिघांनी जन्मात एकमेकांशी दुसऱ्या भाषेत शब्द बोललेला नाही. पण या पाकिटावरचा सगळा सक्तीचा मजकूर फक्त मराठीत छापलात, तर कायद्याच्या लेखी पाकीट कोरं आहे. मजकूर हवा देवनागरीतल्या हिंदीत, नाहीतर इंग्रजीत. मराठीला मनाई नाही, असं मोठ्या मनानं सांगितलेलं आहे. तिला त्या दोघींपैकी एकीसोबत, जागा उरली तर, जास्तीची म्हणून उभं राहता येतं. चार बोटांच्या कार्डावर जागा उरते किती? २०२४ च्या ऑक्टोबरात जिला अभिजात म्हणून मिरवलं, ती भाषा स्वतःच्या किनाऱ्यावर, स्वतःच्या माणसाला, लाकडाच्या एका माशाची किंमत सांगायला अपात्र! गंमत अशी, की ‘वजन 20 g’ ही ओळ मराठीत आणि हिंदीत एकसारखीच लिहिता येते. ती तपासणाऱ्याच्या नजरेत पास होईल, पण हिंदी म्हणून. थोडक्यात, मराठीला कायदेशीर व्हायचं असेल तर तिनं आपण मराठी असल्याचं कुणाला कळू देऊ नये. यावर हसायचं म्हटलं तरी दात-ओठ खाल्ल्याशिवाय हसता येत नाही.

यावर जाणकार म्हणतील, वजन लिहायला कायद्यानं मनाई थोडीच केली आहे? नाही केली. उलट जिथं आकारमान महत्त्वाचं आहे तिथं ते द्या, असंही नियमांत आहे. पण सक्तीच्या ओळी संपल्यावर उरलेल्या जागेत काय घालायचं हा निर्णय बनवणाऱ्याचा, आणि त्यानं तिथं स्वतःचं बालपण घातलेलं असतं. आजोबांचं बोट धरून पाहिलेली खाडी, पहिला तांब, मग शहरातली नोकरी आणि पुन्हा मुळांकडं परतणं. ही कहाणी खरी असेल, सुंदरही असेल. तिनं लूर किती खोल जातो हे कळत नाही. किती खोल जातो हे पुढच्या पारदर्शक ओठाच्या आकारावर आणि कोनावर ठरतं, आणि तो ओठ बहुधा स्टेपल केलेल्या कार्डाच्या आड गेलेला असतो. तेव्हा दोष एकट्या कायद्याचा नाही. कायद्यानं नको ते विचारलं आणि कारागिरानं नको ते सांगितलं.

दुसरा आक्षेप कार्डावरच्या ‘निसर्गस्नेही’ या शिक्क्यावरून. तो तरी उपयोगाचा आहे ना? लाकूड निसर्गस्नेही आहे, मान्य. पोटातलं शिसं नाही. खडकात लूर अडकतो, तंगूस तुटतो आणि शिसं तिथंच राहतं. गळाला लावायची शिशाची लहान वजनं गिळून हंस मरू लागले तेव्हा ब्रिटननं १९८७ पासून त्या वजनांची विक्रीच बंद केली. आपल्याकडं शिसं पोटात आणि हिरवं पान कार्डावर. पिशवी तर प्लास्टिकचीच, आणि ती तिहेरी गळानं दुकानातच तीन ठिकाणी फाडलेली असते, म्हणून तिच्यावर आणखी एक पिशवी.

यातून सुटायची वाट नियमांतच आहे, आणि ती वाचून खरोखर आनंद झाला. दहा ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाच्या पाकिटाला या बऱ्याच कटकटीतून सूट आहे, मात्र माल वजनावर विकला तरच. आठ ग्रॅमचा लूर नगावर विकलात तर पत्ता, फोन, महिना, वर्ष आणि तो नग एक. तोच लूर वजनावर विकलात तर मोकळे. दहाच्या वर गेलात तर निव्वळ प्रमाण ग्रॅममध्ये छापावं लागेल, म्हणजे गिऱ्हाइकाला हवी असलेली एकमेव माहिती अखेर सक्तीची होईल. तर लूर वजनावरच विका. सोनाराचा खिशात मावणारा काटा आणा, शंभर ग्रॅमला भाव लावा. कलाकृतीला तागडीत घातल्याचं दुःख होईल, पण गिऱ्हाईक खूश होईल. आणि कोळणीकडं सुकट घेताना वर मूठभर मागतो, तशी त्याला दोन गऱ्या वर मागायची सोय होईल.